वांग्यासाठी पाळणा

तिला सगळे कानसेन म्हणत. गळ्यात सूर नव्हता, पण कान असे तिखट की छताच्या पंख्याचं कोणतं पातं वाकलंय ते ती डोळे मिटून सांगे. शेजारच्यांचं कपडे धुण्याचं मशीन बिघडणार हे शेजाऱ्यांच्या आधी तिला कळे. जिन्यावर पावलं वाजली की कोण आलं हे तर कळेच, पण कसल्या तंद्रीत आलं हेही कळे. नवरा म्हणायचा, "या घरात बिस्किटांचा पुडा चोरून फोडायची सोय नाही." तो भूगोलाचा मास्तर, स्वभावाने गरीब. हे वाक्य त्याने इतक्या पाहुण्यांना ऐकवलं होतं की त्याने तोंड उघडायच्या आतच ती म्हणे, "हो हो, बिस्किटं."

कानसेनचं सगळं आयुष्यच कानावर उभं राहिलं. तरुणपणी ती रेडिओ केंद्रात लागली, ध्वनिफिती कापून जोडायच्या कामावर. बोलणाऱ्याचा खोकला, अडखळणं, नको तिथला उसासा ब्लेडने कापून काढायचा आणि दोन टोकं अशी चिकटवायची की ऐकणाऱ्याला सांधा सापडू नये. लवकरच ती काचेअलीकडच्या खुर्चीत, यंत्रासमोर बसायला लागली. काचेपलीकडे रोज संध्याकाळी गोष्टीताई बसत. मुलांना गोष्टी सांगायच्या म्हणून गोष्टीताई. अर्ध्या शहराची पोरं त्यांचा आवाज ऐकतच जेवली आणि झोपली. दोघींचं बोलणं सगळं हाताच्या खुणांनी. गोष्टीताईंनी भुवई उचलली की कानसेनने आवाज वाढवायचा, कानसेनने हवेत बोट फिरवलं की गोष्टीताईंनी गोष्ट आवरती घ्यायची. असं बरंच चाललं आणि एके दिवशी गोष्टीताईंनी काचेतूनच खूण करून विचारलं, जेवायला घरी येतेस का? ही गेली, तर घरात लग्नाचा मुलगा.

"सून मी काचेतून निवडली," गोष्टीताई पुढे सगळ्यांना सांगत. "आवाज न ऐकता. म्हणून तर फसले."

"आणि मी सासू हेडफोन लावून निवडली," सून म्हणे. "मला फसायला जागाच नव्हती."

रेडिओ केंद्र बंद झालं तेव्हा गोष्टीताई निवृत्तीला टेकल्या होत्या. निरोपाच्या दिवशी साहेबांनी विचारलं, आठवण म्हणून काय देऊ? ताईंनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "माझं वांगं द्या."

वांगं म्हणजे त्यांचा माइक. स्टुडिओतले माइक बहुतेक दंडगोल असतात, दिव्याच्या नळीसारखे. हा मात्र खाली फुगीर, वर निमुळता, एका बाजूने चेपलेला आणि वरून जरासा वाकलेला होता. रंगही काळपट जांभळा. वायर बुडातून निघण्याऐवजी कमरेच्या एका बाजूने निघे. कुठल्याशा छोट्या कारखान्याने असे थोडेच माइक बनवले आणि मग तो कारखानाच उरला नाही. दिसायला बेंगरूळ, पण आवाज असा घ्यायचा की बोलणारा माणूस उशाशी येऊन बसल्यासारखा वाटावा.

कानसेनने घराच्या तळमजल्यावरच्या खोलीत स्वतःचा स्टुडिओ थाटला. भिंतींना जाड गाद्या ठोकल्या, रस्त्याकडची खिडकी बुजवली, दाराला दुहेरी फळी लावली. अंधांसाठी पुस्तकं, शाळांचे धडे, दुकानांच्या जाहिराती, जे येईल ते ती रेकॉर्ड करे. काम चोख, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. वांगं मात्र कपाटात, मऊ कापडात गुंडाळलेलं असे. ते नुसतं स्टँडवर घट्ट बसवलं तर जमिनीतून येणारा प्रत्येक धक्का आवाजात उतरायचा. रेडिओ केंद्रात त्याच्याखाली सिमेंटचा चांगला मोठा ठोकळा होता. तो काही घरी आणता आला नाही.

मग गोष्टीताईंना कंपवात झाला. आधी उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला, मग हात, मग पाय. त्यांनी फारसा त्रागा केला नाही. चहा अर्धाच कप घ्यायला लागल्या आणि म्हणाल्या, "बशीला पण मिळायला हवा ना." मग डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. हळूहळू आवाजही बसेल, बारीक होत जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते.

त्या दिवशी जेवताना त्यांनी विषय काढला.

"माझ्या गोष्टींची एकही फीत उरलेली नाही, बरोबर?"

"नाही उरली, आई," कानसेन म्हणाली. केंद्रात फितींचा कायम तुटवडा. आज गोष्ट प्रसारित झाली की उद्या तीच फीत पुसून तिच्यावर बातम्या. कितीतरी गोष्टी तिने स्वतःच्या हाताने पुसल्या होत्या. तेव्हा ते कामच होतं.

"मग आता परत सांगते. सगळ्या. तोंडपाठ आहेत. आवाज आहे तोवर घेऊन टाक."

"घेऊ की," कानसेन म्हणाली. "सोमवारपासून बसू."

तिला त्यात काही अवघड वाटलं नाही. रेकॉर्डिंग तर तिचं रोजचंच होतं.

सोमवारी गोष्टीताई केस विंचरून, चष्मा पुसून खुर्चीत बसल्या. कानसेनने आधी आपला नेहमीचा नवा माइक लावला. ताईंनी शिंक न येणाऱ्या राक्षसाची गोष्ट सुरू केली. यंत्रामागे बसलेल्या कानसेनला पहिल्या दोन वाक्यांतच कळलं की हे चालायचं नाही. आता ताईंच्या आवाजात पूर्वीचा भरीवपणा नव्हता. नव्या माइकला जे आहे तेच आणि तेवढंच ऐकू येई: घशाची खरखर, ओठांची चपचप, दमलेला श्वास. एक म्हातारी बाई बोलतेय, एवढंच. तिने कपाटातून वांगं काढलं, पुसलं, लावलं.

"परत सांगा, आई. सुरुवातीपासून."

वांग्यातून जो आवाज आला तो गोष्टीताईंचा होता. थकलेला खरा, पण ऊबदार आणि जवळचा. खरखर होती, पण आता ती गोष्टीतल्या माणसाची वाटत होती. कानसेनच्या अंगावर काटा आला. आणि लगेच दुसऱ्या क्षणी तिने कपाळाला हात लावला, कारण त्या आवाजाच्या खालून सतत धडधड येत होती. ताईंचा हात खुर्चीच्या दांड्यावर थरथरत होता, पाय फळ्यांच्या जमिनीवर नाचत होता, आणि तो सगळा थरकाप स्टँडमधून थेट वांग्यात शिरत होता. राक्षस बोलतोय आणि मागे कुणीतरी दार ठोठावतंय, असं.

तिने खुर्चीखाली सतरंजी घातली, सतरंजीवर गादी घातली. ताई म्हणाल्या, "आता वर मला झोपवशील का?" स्टँड दुसऱ्या कोपऱ्यात नेलं, वाळूच्या पिशव्यांवर ठेवलं. धडधड कमी झाली, पण गेली नाही. माइक छतालाच टांगून पाहिला, तर तो वटवाघळासारखा लोंबकळत गिरक्या घ्यायला लागला, वर पुन्हा वरच्या मजल्यावर नवऱ्याने खुर्ची सरकवली तीही ऐकू आली.

खरा उपाय तिला ठाऊक होता. माइकला पाळणा हवा. स्टुडिओवाले त्याला शॉक माउंट म्हणतात: एक कडं असतं, कड्यात इलॅस्टिकच्या दोऱ्या, आणि दोऱ्यांवर माइक अधांतरी. खालून कितीही धक्के येवोत, ते दोऱ्यांतच जिरतात. कानसेनकडे असे पाळणे होते, पण सगळे गोल माइकांचे. वांगं त्यातल्या एकातही बसत नव्हतं.

ती वांगं पिशवीत घालून शहरातल्या मोठ्या दुकानात गेली. तिथला दुकानदार तिला ओळखत होता. त्याने एकेक पाळणा काढला, लावला, परत ठेवला. शेवटी काउंटरवर हात टेकून म्हणाला, "ताई, माइक गोल असतो."

"हा नाही."

"मग हा माइक नसेल."

"लावून ऐकता का? पुन्हा बोलायचं धाडस नाही होणार."

तो हसला आणि त्याने आत जाऊन एक सर्वांना चालणारा पाळणा आणला. त्याला दोन्ही बाजूंनी स्प्रिंगचे चिमटे होते; कसलाही माइक पकडतो म्हणे. घरी आणून कानसेनने तो बसवला. पण ती काही कच्च्या गुरूची चेली नव्हती, खाली आधीच दोन उशा टाकून ठेवल्या. बरंच झालं. माइक खाली फुगीर आणि वर निमुळता, त्यामुळे चिमट्यांनी जितकं आवळलं तितकं वांगं साबणाच्या वडीसारखं खाली निसटत गेलं आणि शेवटी धपकन उशीवर पडलं.

"झोपलं," गोष्टीताई खुर्चीतून म्हणाल्या.

मग तिने जुन्या माइकांच्या शौकिनांना इंटरनेटवर गाठलं. कुठल्याशा दूरच्या देशातल्या एका म्हाताऱ्या संग्राहकाने उत्तर दिलं. त्याच्याकडे नेमका हाच माइक होता, कारखान्याने बनवलेल्या मूळ पाळण्यासकट. पाळणा देणार का, असं हिने विचारलं. त्याचं उत्तर सभ्य होतं, पण ठाम: बायको मागितलीत तर विचार करीन, पाळणा नाही. फोटो मात्र त्याने चारही बाजूंनी काढून पाठवले. कानसेनने ते मोठे करून पाहिले. त्या पाळण्याने वांग्याला मानेला धरलंच नव्हतं. फुगीर भागाला खालून कवेत घेणारा, कमरेला अंगासरशी बेतलेला एक पट्टा होता आणि सगळं वजन त्या पट्ट्यावर. हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. पण तसा पट्टा करणार कोण? एका प्लास्टिकचे सुटे भाग छापून देणाऱ्याने तिच्या मापांवरून एक करून दिला. तो दिसायला झकास होता, पण वांग्याची चेपलेली बाजू मापांत नीट आली नव्हती. पट्टा एका अंगाने सैल राहिला आणि कुरकुर वाजायला लागला. तिने तो काढून पेन्सिली ठेवायला घेतला.

याच सुमारास डॉक्टरांनी गोष्टीताईंना पायवाल्यांकडे पाठवलं. पायवाले म्हणजे कृत्रिम पाय, पाठीचे पट्टे, मनगटाचे आधार बनवणारे गृहस्थ. त्यांचं नाव कुणी घेतच नसे. रिक्षावाल्यालासुद्धा 'पायवाल्यांकडे' म्हटलं की पुरे. इस्पितळाच्या मागच्या गल्लीत त्यांचा कारखाना. आत शिरलं की भिंतीवर प्लास्टरचे पाय ओळीने टांगलेले, टेबलावर पट्ट्या, कात्र्या, एक गरम पाण्याची चपटी टाकी. स्वतः पायवाले उंच, टकले, आणि काम करताना सारखी शीळ घालणारे. शीळ इतकी बेसूर की कानसेनने दारातच डोळे घट्ट मिटले.

"या आजी," ते म्हणाले.

"बाई म्हणा," गोष्टीताई म्हणाल्या. "आजी मी फक्त नातवंडांची, आणि मला ती नाहीत."

"बसा बाई."

त्यांनी एका कडक पांढऱ्या पत्र्यासारख्या प्लास्टिकचा तुकडा गरम पाण्यात सोडला. बघता बघता तो ओल्या चामड्यासारखा मऊ झाला. तो टिपून त्यांनी ताईंच्या मनगटाभोवती हलक्या हाताने गुंडाळला, अंगठ्याजवळ वळवला, हाडापाशी जरा उचलला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि काढला तेव्हा तो पुन्हा कडक झाला होता. ताईंचं मनगट आतून जसंच्या तसं उतरलं होतं. त्यात त्यांनी शिशाच्या वजनाची एक पट्टी बसवली. हात जड झाला की थरथर कमी होते, असं त्यांनी समजावून सांगितलं. आणि खरंच, ताईंचा हात मांडीवर बराच शांत राहिला.

कानसेन त्या हाताकडे बघत होती. तिच्या मनात आलं, सुटला प्रश्न. हात गप्प, तर माइकही गप्प.

घरी येऊन त्यांनी पुन्हा रेकॉर्डिंग मांडलं. मनगटाला आधार बांधून ताईंनी गोष्ट सुरू केली आणि मध्येच थांबल्या. पुन्हा सुरू केली, पुन्हा थांबल्या. मग त्यांनी आधार सोडला आणि टेबलावर ठेवला.

"नाही जमायचं."

"दुखतंय का?"

"दुखत नाही गं. पण मी हात बांधून गोष्ट कशी सांगू? राक्षस दाखवायचा कशाने? तोंडाने नुसते शब्द येतात, राक्षस हातातून येतो."

कानसेनने काचेतून इतकी वर्षं ते हात पाहिले होते. हे खोटं नाही हे तिला ठाऊक होतं. ती टेबलावरचा तो आधार उचलून उलटसुलट बघत राहिली. आतली बाजू, बाहेरची बाजू. मनगटासारखं वेडंवाकडं अंग, आणि त्याला कुठेही न बोचता कवेत घेणारा पट्टा. मग ती एकदम उठली.

"आई, हात मोकळा ठेवा. पट्टा वांग्याला बांधू."

दुसऱ्या दिवशी ती वांगं घेऊन एकटीच पायवाल्यांकडे गेली आणि ते त्यांच्या टेबलावर ठेवलं. पायवाल्यांनी शीळ थांबवली, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"पेशंट?"

"हाच."

"वय?"

"माझ्यापेक्षा मोठा."

"तक्रार काय?"

"जराही धक्का सोसत नाही. आणि कुठलाही तयार पट्टा अंगाला बसत नाही."

"तयार पट्टा कुणालाच बसत नाही," पायवाले म्हणाले आणि वांगं दोन्ही हातांत घेऊन हळूच फिरवायला लागले. "नाजूक आहे का?"

"वरच्या जाळीच्या आत कागदापेक्षा पातळ पापुद्रा आहे. उष्णता चालणार नाही, ओल चालणार नाही, आणि पडलं तर मी आणि तुम्ही दोघंही मेलो."

"मग याच्या अंगावर काहीच करायचं नाही. आधी साचा घेऊ, साच्यावरून याचा जुळा भाऊ करू आणि पट्टा भावावर बेतू."

कानसेनला माणूस आवडला. शीळ सोडून.

वांग्याची जाळी तिने स्वतः झाकून बांधली, खालचं अंग पातळ प्लास्टिकमध्ये अनेकदा गुंडाळलं. त्यावर पायवाल्यांनी ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या लपेटल्या आणि त्या जरा घट्ट झाल्याबरोबर दोन्हीकडून कापून काढल्या. दोन शिंपले उरले. ते जोडून त्यात प्लास्टर ओतलं आणि वाळल्यावर फोडलं तर आत पांढरंशुभ्र वांगं. कानसेनने ते घरी दाखवायला आणलं.

"वांग्याला प्लास्टर?" गोष्टीताई म्हणाल्या. "कुठे धडपडलं म्हणे?"

त्या पांढऱ्या भावावर पायवाल्यांनी तो गरम पाण्यात मऊ होणारा प्लास्टिकचा पत्रा बेतला, दोन भागांत, बरोबर कमरेपाशी. आतून लोकरीचं जाड कापड लावलं, बाहेर दोरी अडकवायला कान काढले, वायर निघते तिथे खाच ठेवली. पायाच्या आधारासाठी वापरतात त्या ॲल्युमिनियमच्या पट्टीचं त्यांनी गोल कडं वाकवून दिलं. दोऱ्या मात्र कानसेनचं खातं होतं. शिवणकामाच्या दुकानात जाऊन तिने सगळ्या तऱ्हेची इलॅस्टिकं आणली आणि पायवाल्यांच्या टेबलावर दोघं पांढरं वांगं टांगून बसली. पायवाल्यांचं म्हणणं दोरी घट्ट हवी, पेशंट हलता कामा नये.

"तुमचा पेशंट हलायला नको, माझा हलायला हवा," कानसेन म्हणाली. "दोरी ताणली की धक्का सरळ आत जातो. सावकाश डुलला पाहिजे."

"डुलला तर पडेल."

"पडला तर प्लास्टरचा आहे."

पहिल्या खेपेला दोरी फारच सैल झाली आणि पांढरं वांगं खरंच खाली येऊन त्याचं टोक उडालं. पायवाल्यांनी नुसती शीळ घातली. त्या शिळेत 'सांगितलं होतं' हे शब्द अगदी स्पष्ट होते. कानसेनने दोरी बदलली, पेच बदलला, पुन्हा टांगलं. शेवटी एक कापडाने मढवलेली गोल दोरी जमली. बोटाने ढकललं की वांगं आळसावल्यासारखं एकदा इकडे, एकदा तिकडे झुके आणि थांबे.

खरं वांगं टांगायला पायवाले स्वतः स्टुडिओत आले. गोष्टीताई खुर्चीत बसल्या. कानसेनने हेडफोन चढवले आणि जमिनीवर मूठ आपटली.

ढप.

तिने पुन्हा आपटली. ढप. आधीसारखी खणखणीत धडधड नव्हती, पण आवाज होताच, बोळ्यातून आल्यासारखा. तिने दोऱ्या तपासल्या, पट्टा तपासला. सगळं जागच्या जागी. पायवाल्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि त्यांचाही उतरला.

"पट्टा चुकला का?"

"गप्प बसा जरा," ती म्हणाली. मग जीभ चावली. "म्हणजे, बसता का जरा."

ती डोळे मिटून उभी राहिली. धक्का कुठूनतरी आत जात होता. दोऱ्यांतून नाही, कारण दोऱ्यांचा आवाज असा नसतो. मग कुठून? तिने एक हात वांग्याच्या कड्यावर ठेवला आणि नवऱ्याला हाक मारली. "अहो, खाली या आणि जमिनीवर पाय आपटत राहा." भूगोलाचे मास्तर आले आणि मुकाट्याने पाय आपटायला लागले. ती बोटांनी एकेक जागा चाचपत गेली. कडं, दोरी, पट्टा. मग वायर. वायरवर बोटं चिमटीत धरताच ढप नाहीसं झालं. सोडलं की आलं. धरलं की गेलं.

"वायर!" ती ओरडली. "ही जुनी वायर काठीसारखी ताठ आहे. पाळणा बांधला आणि शेजारून पूल टाकून दिला मी. मीच!"

तिने त्याच बैठकीत वांग्याजवळच्या भागाला एक पातळ, लुळी वायर जोडली, तिला मोठा सैल फास दिला आणि हेडफोन लावले. मास्तर पाय आपटत होते. ते तिला दिसत होते, पण ऐकू येत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा नवरा समोर धुडगूस घालत होता आणि कानसेनला काहीही ऐकू येत नव्हतं.

"थांबू का?" मास्तरांनी विचारलं, ते मात्र लख्ख ऐकू आलं.

"थांबा. आई, करा सुरू."

गोष्टीताईंनी सुरुवात केली. त्यांचा हात उचलला गेला, थरथरतच हवेत राक्षसाएवढा झाला आणि खुर्चीच्या दांड्यावर आदळला. पाय फळीवर नाचत होता. कानसेनच्या कानात त्यातलं काही नव्हतं. फक्त एक बाई होती, अगदी जवळ बसलेली, जिला या राक्षसाची सगळी खबरबात होती. पायवाले दाराशी उभे होते. गोष्ट संपली तेव्हा ते घसा खाकरून म्हणाले, "ही मी लहानपणी ऐकलीय. आमच्या स्वयंपाकघरात. तेव्हा शेवटी राक्षसाला शिंक यायची."

"तेव्हाच्या पोरांना सुखान्त लागायचा," गोष्टीताई म्हणाल्या. "पण बरोबर आहे तुमचं. परत घे गं, शेवट बदलते."

मग रोज सकाळी, ताईंचा आवाज ताजा असेपर्यंत, त्या दोघी बसत. काही दिवशी दोन गोष्टी होत, काही दिवशी एकाच गोष्टीचा निम्मा भाग. कधी आवाज लागतच नसे. मग त्या नुसत्या भांडून उठत. महिनोन्‌महिने हे चाललं. थोड्या दिवसांनी कानसेनने झालेल्या गोष्टी अंधांच्या ग्रंथालयाला दिल्या, तिथून त्या शाळांत गेल्या, आणि ताईंना अनोळखी पोरांचे फोन यायला लागले. पोरं सरळ विचारत, "पुढची कधी?" पायवाल्यांकडेही आता अधूनमधून कुणी चमत्कारिक आकाराचा माइक घेऊन येई. ते त्याला कानसेनकडे धाडत, ती परत साच्यासाठी त्यांच्याकडे. दोघांची चांगली जोडी जमली. त्यांच्या शिळेचं मात्र तिला काही करता आलं नाही.

डॉक्टर म्हणाले होते तसा आवाज बारीक होत गेला. एका सकाळी गोष्टीताईंनी तीनदा सुरुवात केली, आणि तिसऱ्यांदा हात वर करून थांबल्या. वांग्याला जेवढं ऐकू येई त्याहूनही आवाज खाली गेला होता. कानसेन यंत्रामागून उठून त्यांच्याजवळ आली.

"किती राहिल्या?" ताईंनी कुजबुजत विचारलं.

"मूठभर. बाकी सगळ्या आल्या, आई. एकूण एक."

"मग मूठभर तू सांग."

"मी?" कानसेन म्हणाली. "मी काय सांगणार? माझा आवाज म्हणजे पत्र्यावर खडे."

"ते मी ठरवते. बैस."

त्यांनी खुर्ची रिकामी केली. हाकेसरशी खाली आलेल्या मास्तरांनी आईला धरून यंत्रापाशी नेलं, खुर्चीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले. कानसेन वांग्यासमोर बसली. हात कुठे ठेवावे ते तिला कळेना. उलट्या पावलांनी चालणाऱ्या राणीची गोष्ट तिने हजारदा ऐकली होती, दुसऱ्या बाजूने. तिने श्वास घेतला आणि एका दमात पहिलं वाक्य म्हणून टाकलं.

गोष्टीताईंचं बोट हवेत उठलं. थरथरत होतं, तरी खूण स्पष्ट होती: थांब.

"एवढी घाई कशाला?" त्या कुजबुजल्या. "राणी उलटी चालतेय ना? मग तिला वेळ लागणार. आणि हात मांडीखाली काय दडवलेस, बाहेर काढ."

कानसेनने हात बाहेर काढले, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.